तो मारहाणीत नव्हता हे दाखवण्यात आमचं एक वर्ष गेलं

ताई, तुमच्या भावाला अटक होऊन दीड महिना झालाय, गेल्या आठवड्यात त्याच गुन्ह्यात मोक्का, म्हणजे टोळ्यांविरुद्धचा महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा, लावला, आणि तुम्ही घटनेच्या रात्रीचं सीसीटीव्ही मिळवायला दुकानादुकानांत फिरताय, कारण त्यात तो लांब उभा दिसेल, असं तुम्ही लिहिलंय. वाचून पोटात गोळा आला. चार वर्षांपूर्वी माझ्या भाच्यासाठी मी हेच करत होतो. हप्ता दिला नाही म्हणून एका टपरीवाल्याला मारलं होतं आणि आमचा मुलगा गाडीवर बसून होता.

आधी सांगतो, मी वकील नाही. तुमची कागदपत्रं मी पाहिलेली नाहीत, तेव्हा शेवटचा शब्द तुमच्या वकिलांचा.

साध्या गुन्ह्यात कोर्ट विचारतं, ह्याने काय केलं. मोक्कात त्याआधी विचारतात, हा कुणाचा. हे मला एक वर्ष कळलं नाही. कलम 3(4) प्रमाणे टोळीचा सदस्य असणं हाच गुन्हा आहे. शिक्षा किमान 5 वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप, वर दंड किमान 5 लाख. त्याने हात उचलला की नाही, हा मुद्दा तिथे मागे पडतो.

आणि आमची चूक. पहिल्या जामीन अर्जासाठी वकिलांना हकीगत मीच लिहून दिली. मुलगा निरपराध वाटावा म्हणून लिहिलं, ‘तो नेहमीप्रमाणे मित्रांबरोबर चहाला गेला होता, भांडण झालं तेव्हा गाडीवरच बसून होता.’ वकिलांनी ते जवळपास तसंच अर्जात उतरवलं. सुनावणीत सरकारी वकिलांनी एकच शब्द उचलला: ‘नेहमीप्रमाणे’. म्हणजे उठबस रोजची, ओळख जुनी, आणि हे आरोपी स्वतःच सांगतोय. मारहाणीतून त्याला सोडवायला लिहिलेल्या वाक्याने मी त्याला टोळीत बसवून आलो. अर्ज फेटाळला. पुढच्या प्रत्येक अर्जाच्या वेळी ते वाक्य समोर आलं. माझ्या बहिणीला मी हे दोन वर्षं सांगू शकलो नाही.

म्हणून हात जोडून सांगतो, मोक्कातले कागद माहीत असलेल्या वकिलाने वाचल्याशिवाय ‘तिथे होता पण’ असं एकही वाक्य अर्जात जाऊ देऊ नका. सीसीटीव्ही मिळवा, त्यात चूक नाही, पण दाखवायचं की नाही हे नंतर ठरवा. त्यात तो लांब उभा दिसेल, तसाच बाकीच्या आरोपींबरोबर आलेलाही दिसेल.

तुम्ही विचारलंय की भावावर आधीचा एकही गुन्हा नाही, मग मोक्का लागतोच कसा. आम्हीही ह्याच आशेवर होतो. कायद्यात मागच्या 10 वर्षांत एकापेक्षा जास्त दोषारोपपत्रं लागतात, पण ती प्रत्येक आरोपीवर असावी लागत नाहीत, टोळीवर असली की पुरतात. सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये हे स्पष्ट केलंय. कुणी ‘पहिलाच गुन्हा आहे, महिन्यात मोक्का काढून देतो’ म्हणून पैसे मागत असेल तर त्याच्या दारात उभं राहू नका.

लढायचं असेल तर टोळीच्या तक्त्यावर लढा. पोलिसांच्या मोक्का लावण्याच्या प्रस्तावाबरोबर कुणाचे कोणते जुने गुन्हे, ह्याचा तक्ता असतो. त्यातल्या प्रत्येक गुन्ह्याच्या दोषारोपपत्राची नक्कल काढा. गुन्हा दखलपात्र, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा, आहे का, शिक्षा 3 वर्षं किंवा जास्त आहे का, कोर्टाने दखल घेतली होती का, आणि त्यात टोळीचा पैशाचा किंवा दुसरा काही फायदा होता का, हे पाहा. आमच्या तक्त्यातल्या पाचांपैकी एक गुन्हा जुन्या दंड संहितेच्या कलम 323 आणि 504 चा निघाला, म्हणजे शिवीगाळ आणि साधी मारहाण. तो मोजायलाच नको होता. बाकीचे उरल्यामुळे मोक्का गेला नाही, पण तक्ता डोळे झाकून केलाय हे कोर्टापुढे आलं.

ह्या नकलांसाठी एका कार्यालयाने आम्हाला अडीच महिने नाचवलं. आज साहेब नाहीत, उद्या रजिस्टर सापडत नाही, परवा म्हणे तुम्ही ह्या गुन्ह्यात पक्षकारच नाही. आत एक पोरगा सडतोय आणि बाहेर एका शिक्क्यासाठी माणसाला दहा फेऱ्या, ह्याचा संताप अजून गेलेला नाही. अर्ज लेखीच द्या आणि पोच घ्या, तोंडी बोलण्याला तिथे काही किंमत नाही.

मंजुरीचे दोन वेगळे कागदही मागून घ्या. मोक्काची नोंद करायला उपमहानिरीक्षक किंवा वरच्या अधिकाऱ्याची परवानगी लागते, आणि कोर्टाने दखल घेण्याआधी अपर महासंचालक दर्जाची मंजुरी. तुमच्या भावाचं नाव दोन्हींत कशाच्या आधारावर आलंय, ते वाचा.

तारखांचं सांगतो, कारण ह्यात हक्क बुडतो. दोषारोपपत्राला 90 दिवस असतात, सरकारी वकिलांच्या अहवालावर कोर्ट ते 180 पर्यंत वाढवू शकतं. मोजणी पहिल्या रिमांडच्या दिवसापासून, तो दिवस धरून. मुदतवाढ नाही आणि दोषारोपपत्रही नाही, तर जामिनाचा हक्क मिळतो, पण अर्ज दोषारोपपत्र दाखल होण्याआधी गेला पाहिजे. मुदतवाढीवर विचार होताना आरोपीला प्रत्यक्ष किंवा व्हिडिओवर हजर ठेवावं लागतं, त्याला परस्पर मुदतवाढ देता येत नाही. वकिलांना त्या दिवशी दुसरीकडे तारीख असेल तर आजच विचारा, कोण उभं राहणार.

अजून एक, भेटीत भावाला हे नक्की सांगा. मोक्कात पोलीस अधीक्षक किंवा वरच्या अधिकाऱ्यासमोर दिलेली कबुली पुरावा म्हणून चालते. ती देण्याची सक्ती नाही, आणि अधिकाऱ्याने हे त्याला आधी सांगायलाच हवं. नंतर त्याला मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यापुढे नेतात. जबरदस्ती झाली असेल तर तिथेच सांगायचं, मारहाणीच्या खुणा दाखवायच्या. पुढे कधीतरी सांगू म्हणून गप्प बसला तर फार उशीर होतो.

आणि नक्की मोक्काच आहे ना, हे कागदावर बघा. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत कलम 111 आलंय. व्याख्या मिळतीजुळती, टोळीचा सदस्य असण्याची शिक्षाही 5 वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत, पण मोक्कातल्या जामिनाच्या कडक अटी आणि पोलिसांसमोरची कबुली त्या कलमात नाही. आमच्या ओळखीच्या एका घरात महिनाभर मोक्का समजून रडारड चालली होती, निघालं 111.

हा कायदाच नको, असं मी म्हणत नाही. गुलशन कुमार यांना 1997 मध्ये अंधेरीत भरदिवसा गोळ्या घातल्या, तेव्हाची खंडणीच्या फोनची दहशत मला आठवते. साक्षीदार उभे राहत नव्हते, टोळीवाले जामिनावर येऊन पुन्हा तेच करत होते. 1999 चा कायदा त्यातून आला आणि तो हवा होता. त्या टपरीवाल्याचा हात अजून नीट वळत नाही, त्याच्याबद्दल मला तक्रार नाही. माझं भांडण एवढंच आहे की टोळी चालवणारा आणि त्याच्या गाडीवर मागे बसणारा एकोणीस वर्षांचा मुलगा, दोघांना एकाच तक्त्यात टाकताना कुणी थांबून विचार करत नाही.

भाच्याला दोन वर्षं आठ महिन्यांनी उच्च न्यायालयातून जामीन मिळाला. पैशाचा एकही व्यवहार त्याच्या नावावर नव्हता, टोळीप्रमुखाशी फोनवर बोलणं नव्हतं. हे दोन्ही कागद आमच्याकडे पहिल्या महिन्यापासून होते, आम्ही ते पुढेच केले नाहीत. खटला अजून चालू आहे.

तुमच्या भावाच्या बँकेचा उतारा आणि फोनचे तपशील आहेत का? असतील तर ह्याच आठवड्यात वकिलांकडे द्या. आणि अर्ज आधीच दाखल झाला असेल तर त्याची प्रत काढून त्यात ‘नेहमी’, ‘मित्र’, ‘सोबत’ हे शब्द कुठे आलेत ते बघून मला कळवा.