बसमध्ये मुलीला त्रास होताना दिसला, तर मध्ये पडावं का?

पडावं. पण मध्ये पडायचं म्हणजे त्या माणसाची गचांडी धरायची, असं तुम्ही मनात धरलंय आणि तिथेच तुमचं पाऊल अडलं, असं मला तुमचा प्रश्न वाचून वाटलं. तुम्ही लिहिलंय की एसटीत दोन रांगा पुढे एक माणूस कॉलेजच्या मुलीला मुद्दाम चिकटत होता, ती खिडकीकडे सरकत होती. तुम्ही 'आपला गैरसमज असला तर?' आणि 'त्याने चाकू काढला तर?' याच विचारात राहिलात, तोवर तिचा थांबा आला.

मी एसटीत वाहक आहे, पुणे-सातारा भागात. त्यामुळे गळ्यात तिकीट मशीन अडकवून उभ्या असलेल्या बाईच्या बाजूने सांगते.

भरलेल्या गाडीत वाहकाला फार थोडं दिसतं. मधल्या वाटेत माणसं दाटीवाटीने उभी, मी पुढे तिकिटं काढत असते, कुणाला सुट्टे हवे असतात, कुणाचं आधार कार्ड बघायचं असतं. हे असले लोक कंडक्टर कुठे आहे ते बघूनच वागतात. मांडीवर बॅग किंवा हातावर जर्किन टाकलेलं असतं आणि खालून हात सरकत असतो. ते दिसतं फक्त शेजारच्या सीटवरून, नाहीतर डोक्यावर दांडी धरून उभ्या असलेल्या माणसाला. म्हणजे तुम्हालाच.

मुलगी एकटी बोलली की त्या माणसाची उत्तरं ठरलेली असतात. "गर्दी आहे, धक्का लागणारच." "एवढं असेल तर स्पेशल गाडी करून जायचं." "मला काय आयाबहिणी नाहीत का?" अर्धी गाडी मोबाइलमध्ये डोकं घालते. माणसं वाईट असतात म्हणून नाही. खरं काय ते त्यांना कळत नसतं आणि भांडण नको असतं. अशा वेळी कुणीतरी दुसरं म्हणतं, "मी पण मघापासून बघतोय," की सगळं फिरतं. तोवर गप्प बसलेली चार माणसं बोलायला लागतात, मागून कुणी "गाडी चौकीला घ्या" म्हणतं, आणि तो माणूस उतरायची घाई करू लागतो. हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. तुमच्याकडून हवा असतो तो हा दुसरा आवाज. पहिला आवाज मुलीचा असो नसो.

आवाज त्या माणसावरच चढवला पाहिजे असंही नाही. मागे एका गाडीत अशीच एक मुलगी खिडकीला चिकटून बसली होती, मांडीवरची सॅक तिने मध्ये उभी केली होती. पलीकडच्या सीटवर पाटी घेऊन बसलेल्या आजींनी त्या माणसाकडे पाहिलंसुद्धा नाही. पाटी उचलून पायाशी घेतली आणि म्हणाल्या, "ए पोरी, हिकडं ये, माझ्यापाशी बस. आन् कंडक्टर ताई, तुमी जरा हिकडं या." मुलगी उठली. त्याला पाय बाजूला घ्यावेच लागले. मी तिथे पोचेपर्यंत मुलीचा हात आजींच्या हातात होता आणि सगळी गाडी त्या माणसाकडे बघत होती. भांडण झालं नाही आणि मुलगी सुटली.

तुमच्या गैरसमजाच्या शंकेलाही हेच उत्तर लागू पडतं. मुलीला सरळ विचारा, "ताई, इकडे बसायचंय का?" काही नसेल तर ती "नको" म्हणेल, विषय संपला. असेल तर तिच्या चेहऱ्यावरच कळतं. खुणा तशा लपत नाहीत: मध्ये ठेवलेली बॅग, अंग चोरून बसणं, सारखं मागे वळून बघणं, जागा रिकामी नसताना उठून उभं राहणं.

आता चाकूचं. ही भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. 2011 च्या ऑक्टोबरमध्ये अंधेरीला अंबोलीत किनन सँटोस आणि रूबेन फर्नांडिस या दोघांनी मैत्रिणींची छेड काढणाऱ्याला अडवलं आणि त्या दोघांचा जीव गेला. 2016 मध्ये चौघांना जन्मठेप झाली, पण ही दोन पोरं गेली ती गेलीच. तो प्रकार रात्री रस्त्यावर घडला होता, आणि हाकलून लावलेला माणूस साथीदार आणि हत्यारं घेऊन परत आला होता. दिवसाउजेडी भरलेल्या एसटीत तसं सहसा होत नाही. तिथे शंभर डोळे असतात, वाहक-चालक असतात. रात्रीची रिकामी गाडी, दारू प्यायलेलं टोळकं असं असेल तर त्यांच्या तोंडी लागू नका. मुलीला चालकाजवळ पुढे आणा आणि 112 लावा. रेल्वेत असाल तर 139. दुसरीकडे, ऑगस्ट 2002 मध्ये बोरिवलीच्या लोकलमध्ये एका मतिमंद मुलीवर बलात्कार झाला, तेव्हा डब्यात पाच प्रवासी होते. माणसं गप्प बसली की काय होतं, हे मुंबईने त्या रात्री पाहिलंय.

लोक मदत करत नाहीत असं सरसकट बोललं जातं, तेही मला पटत नाही. 2019 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात अ‍ॅमस्टरडॅम, लँकास्टर आणि केपटाउन इथल्या रस्त्यांवरच्या कॅमेऱ्यांत टिपलेली 219 भांडणं तपासली होती. दहातल्या नऊ वेळा बघ्यांपैकी कुणी ना कुणी मध्ये पडलं होतं, आणि माणसं जितकी जास्त तितकी ती शक्यता वाढत होती. माझ्या गाडीतही मला तेच दिसतं. 17 मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून गाडीत बायका जास्त असतात आणि अशा वेळी आवाज पटकन उठतो.

मारहाण मात्र करू नका. हे मी अगदी कळकळीने सांगते. पोरं त्याला बुकलायला लागली की मुलगी आणखी घाबरते, लोकांचं लक्ष तिच्यावरून उडतं आणि पुढच्या थांब्यावर तो गर्दीतून निसटतो. वर मारणाऱ्यांवरच तक्रार व्हायची भीती. दुसऱ्याच्या शरीराच्या बचावासाठीही बळ वापरायचा हक्क कायद्याने दिलेला आहे, भारतीय न्याय संहितेच्या कलम 35 मध्ये, पण तो बचावापुरताच. त्यापेक्षा मला हाक मारा. मी बेल दिली की गाडी थांबते. दार बंद ठेवून गाडी सरळ पोलीस ठाण्यासमोर उभी करता येते.

व्हिडिओ काढायचा असेल तर कुणीतरी मुलीजवळ गेल्यावरच काढा, कॅमेरा त्या माणसावर ठेवा आणि व्हिडिओ मुलीला द्या. ग्रुपवर टाकू नका. तिचा चेहरा गावभर फिरला तर तिचं कॉलेज बंद होईल, त्या माणसाचं काहीच बिघडणार नाही.

तक्रार करायची की नाही हे तिला ठरवू द्या. पुष्कळ मुली "जाऊ दे" म्हणतात, कारण घरी कळलं तर पास फाडून टाकतील याची धास्ती असते. तिच्यावर जबरदस्ती करू नका, पण मार्ग माहीत असू द्या. कुठल्याही ठाण्यात तक्रार घ्यावी लागते, हद्दीचं कारण चालत नाही, आणि तिचा जबाब महिला अधिकाऱ्याने घ्यायचा असतो. अंगाला हात लावण्याचा गुन्हा त्याच न्याय संहितेच्या कलम 74 खाली येतो, त्याला एक ते पाच वर्षं शिक्षा आहे आणि तो अजामीनपात्र आहे. मुलगी अठराच्या आतली असेल तर पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, लागतो. तिथे माहिती असणाऱ्या प्रत्येकाने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, त्यामुळे "जाऊ दे" म्हणून तो विषय सोडता येत नाही.

ठाण्यात गेल्यावर अडतं ते साक्षीदारावर. गाडीत सगळे ओरडतात, आणि नाव-पत्ता लिहून द्यायची वेळ आली की प्रत्येकाला पुढची गाडी गाठायची असते. मुलगी आणि मी दोघीच उरतो, आणि मी तर पुष्कळदा पाहिलेलंच नसतं. तुम्हाला गाडीत तोंड उघडायचा धीर झाला नाही तरी इथे थांबता येईल. "मी मागच्या सीटवर होतो, मी पाहिलं," एवढा जबाब दिलात तरी तिची तक्रार टिकायला मोठा आधार होतो.

आणि तुम्ही शेवटी विचारलंय, आता ती उतरून गेली, आता काय करणार? असली माणसं बऱ्याचदा रोजचीच असतात, ठरलेल्या वेळेला ठरलेली गाडी धरणारी. तुमच्या तिकिटावर तारीख, वेळ आणि मार्ग छापलेला असेल, तो आगारात दाखवून लेखी कळवा. तीच गाडी पुन्हा पकडलीत आणि तो दिसला, तर चढल्या चढल्या वाहकाच्या कानावर घाला. आम्ही त्याला बायकांच्या शेजारी बसू देत नाही, उभा राहिला तर पुढे आमच्या नजरेसमोर घेतो.