छतावरच्या सोलरवर पाण्यापासून हायड्रोजन बनवून स्वयंपाकाचा सिलिंडर बंद करता येईल का?

तुम्ही लिहिलंय की छतावर ३ किलोवॉटचं सोलर आहे, यूट्यूबवर लोक बरणीतल्या पाण्यातून वायू काढून शेगडी पेटवून दाखवतात, तर आपणही घरी हायड्रोजन बनवून सिलिंडर बंद का करू नये? हायड्रोजन बनेल, त्यात शंका नाही. सिलिंडर बंद करायला मात्र हा सगळ्यात महाग रस्ता आहे. मी ज्युनियर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो आणि दर हिवाळ्यात मुलांकडून हा प्रयोग मैदानात करून घेतो, म्हणून बरणीपासूनच सुरू करतो.

आमचं सामान असं: २० वॉटचं पॅनल, प्लास्टिकची बरणी, जुन्या सेलमधून काढलेल्या दोन कार्बनच्या कांड्या आणि पाण्यात दोन चमचे धुण्याचा सोडा. नुसत्या पाण्यातून वीज नीट वाहत नाही, म्हणून सोडा. दोन्ही कांड्यांवर पाण्याने भरलेल्या परीक्षानळ्या पालथ्या घालायच्या. पॅनल उन्हाकडे वळवलं की ऋण कांडीवरून बुडबुड्यांची इतकी बारीक धार सुटते की पाणी दुधट दिसायला लागतं. धन कांडीवरचे बुडबुडे मोठे आणि आळशी. पुस्तकात हायड्रोजन दोन भाग, ऑक्सिजन एक भाग. आमच्या नळीत ऑक्सिजन दरवेळी अर्ध्याहून कमीच भरतो. एका मुलीने विचारलं, "सर, बाकीचा गेला कुठे?" तो कांडीच खात असतो. तासाभराने पाणी काळपट होतं, ती त्याचीच खूण.

पहिल्या वर्षी मी सोड्याऐवजी मीठ टाकलं होतं. दहा मिनिटांत ग्रामपंचायत विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकते तसा वास पसरला. क्लोरीन! व्हिडिओत बरेच जण मीठच टाकतात, आणि तेही बंद खोलीत. कृपा करून तसं करू नका.

आता हिशेब. १ अँपियर वीज तासभर वाहिली की साधारण ४५० मिलिलिटर हायड्रोजन मिळतो. एक कप चहाचं पाणी उकळायला, शेगडीवर निम्मी उष्णता वाया जाते असं धरून, बाराएक लिटर लागतो. आमचं पॅनल साधारण १ अँपियरच देतं, म्हणजे बरणीला एका कपासाठी सव्वीस-सत्तावीस तास कडक ऊन हवं. आता पॅनल सतराएक व्होल्टचं आहे आणि कांड्या जवळजवळ असतील तर एका बरणीला दोनेक व्होल्ट पुरतात. तेव्हा सात बरण्या एकापुढे एक जोडल्या की तेवढ्याच विजेत सातपट वायू, आणि चहा चार तासांत. पण त्या चार तासांची वीज बॅटरीत भरून हीटरला दिली असती तर तीन कप झाले असते.

हाच हिशेब तुमच्या छताला लावून बघा. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये साधारण १८० युनिट उष्णता असते. तेवढ्यासाठी साडेपाच किलोच्या आसपास हायड्रोजन लागेल. बाजारातली चांगली यंत्रंही एक किलो हायड्रोजनला ५० ते ५५ युनिट वीज खातात, म्हणजे एका सिलिंडरमागे पावणेतीनशे-तीनशे युनिट. ३ किलोवॉटचं पॅनल आपल्याकडे दिवसाला बाराएक युनिट देतं, पावसाळ्यात त्याहून कमी. पंखा, फ्रिज, मोटर सगळं बंद ठेवून चोवीस-पंचवीस दिवस नुसता गॅस बनवत बसायचं. तोच स्वयंपाक इंडक्शनवर केला तर १३० युनिटच्या आत होतो. अकरा दिवसांचं ऊन. उरलेले दोन आठवडे पंखा, फ्रिज, मोटर चालवा.

शिवाय साठवणार कशात? एलपीजी थोड्याशा दाबाखाली द्रव होतो, म्हणून तो त्या लाल टाकीत मावतो. हायड्रोजनला द्रव करायचं तर उणे २५३ अंशांपर्यंत थंड करावं लागतं. एरवी एक किलोला अकरा हजार लिटरहून जास्त जागा लागते, म्हणून गाड्यांमध्ये तो ३५० किंवा ७०० बार दाबाने, म्हणजे हवेच्या दाबाच्या जवळपास तितक्याच पट दाबाने भरतात. त्या दाबासाठी वेगळी वीज आणि वेगळी टाकी. घरच्या सिलिंडरमध्ये भरायचा विचारही करू नका. हवेत ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत कितीही मिसळला तरी तो पेट घेतो. वास नाही, आणि दिवसा ज्योतही जवळजवळ दिसत नाही. एलपीजीच्या बर्नरवर लावला तर ज्योत मागे सरकून नळीत शिरू शकते. आणि व्हिडिओतल्या त्या एकाच बरणीतून हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र बाहेर येतात. ते इंधन नाही, तयार फटाका आहे.

(मोटरसायकलला लावायच्या 'पाण्यावर चालणाऱ्या' किटबद्दल कोणी विचारेलच. त्यातली वीज इंजिनच फिरून बनवतं, म्हणजे पेट्रोलच जाळून.)

पॅनलशिवाय, थेट उन्हाने पाणी फोडता येतं का, असंही तुम्ही विचारलंय. येतं. १९७२ मध्ये जपानच्या फुजिशिमा आणि होंडा यांनी टायटॅनियम डायऑक्साइडवर प्रकाश पाडून ते दाखवलं. हीच पांढरी पूड भिंतीच्या रंगात असते. अडचण अशी की ती फक्त अतिनील किरण पकडते, आणि ते उन्हात चार-पाच टक्केच असतात. २०२१ मध्ये जपानमध्येच याच जातीच्या दुसऱ्या एका पुडीचे १०० चौरस मीटरचे पत्रे उन्हात ठेवून पाहिले. उन्हातली जास्तीत जास्त ०.७६ टक्के ऊर्जा हायड्रोजनमध्ये उतरली. साधं पॅनल आणि त्याला जोडलेलं यंत्र तेरा-चौदा टक्क्यांपर्यंत सहज जातं. तरी मला त्या पत्र्यांचं अप्रूप वाटतं, कारण त्यात ना वायर, ना इन्व्हर्टर.

मग केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये १९,७४४ कोटींचं हरित हायड्रोजन मिशन कशाला काढलं? तुमच्या शेगडीसाठी नव्हे. शेतात जाणाऱ्या युरियाला अमोनिया लागतो, अमोनियाला हायड्रोजन, आणि अलिबागजवळच्या थळसारख्या कारखान्यांत तो आज नैसर्गिक वायूतून काढतात. तेल शुद्धीकरणातही तेच. तिथे उष्णता नाही, हायड्रोजनच हवा असतो, तेव्हा इंडक्शन काही कामाचं नाही. तिथे उन्हावर बनवलेला हायड्रोजन चालवायला अर्थ आहे.

तरीही मुलांना करून दाखवायचा असेल तर जरूर दाखवा. उघड्यावर, सोडा घालून, दोन्ही वायू वेगळ्या नळ्यांत. हायड्रोजनची नळी भरली की तोंड खाली ठेवूनच उचला आणि जळती काडी जवळ न्या. 'फट्' असा आवाज येतो आणि काचेवर आतून बारीक दव धरतं. ते बोट लावून बघायला आमच्याकडे रांग लागते. बाटली मात्र भरू नका, बोटाएवढी परीक्षानळी पुरे.