लोकानुनयी नेत्यामागे लोक का जातात?

प्रश्न : लोकानुनयी नेत्यांना मते देणारे लोक अर्धशिक्षित आणि भावनेच्या भरात वाहवत जाणारे असतात, असे लेखांतून वारंवार वाचायला मिळते. समाजशास्त्राचेही हेच मत आहे का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : एके काळी काहीसे तसे मत होते. ते का मागे पडले हे समजण्यासाठी अर्जेंटिनाकडे पाहावे, कारण या विषयावरचा मोठा वाद तिथल्याच अभ्यासकांमध्ये झडला. लष्करी राजवटीत कामगार खाते सांभाळणारे कर्नल हुआन पेरॉन यांना ऑक्टोबर १९४५ मध्ये त्यांच्याच सहकाऱ्यांनी पदावरून काढून अटकेत ठेवले, तेव्हा १७ तारखेला औद्योगिक उपनगरांतले कामगार ब्युनोस आयर्सच्या प्लाझा दे मायो चौकात लोटले आणि त्याच रात्री सरकारला पेरॉन यांना त्यांच्यासमोर आणणे भाग पडले. फेब्रुवारी १९४६ मध्ये ते अध्यक्षपदाची निवडणूक जिंकले.

मुसोलिनीच्या इटलीत तुरुंगवास भोगून अर्जेंटिनात आलेले समाजशास्त्रज्ञ जीनो जेर्मानी यांनी याची कारणे स्थलांतरात शोधली. १९३० च्या मंदीनंतर ग्रामीण प्रांतांतून राजधानीच्या कारखान्यांत आलेल्या लोकांना संघटनेचा अनुभव नव्हता, जुन्या पक्षांत त्यांना जागा नव्हती, म्हणून ते एका नेत्यासाठी ‘उपलब्ध’ होते, अशी त्यांची मांडणी होती. पुढे या मांडणीची फारच ढोबळ आवृत्ती पसरली. जेर्मानींनी स्वतः हेही नोंदवले होते की मालकासमोर आणि मुकादमासमोर ताठ मानेने उभे राहता येणे हा त्या कामगारांना प्रत्यक्ष मिळालेला लाभ होता. त्यांना केवळ भुललेले लोक म्हणणे जेर्मानींवरही अन्यायच आहे.

१९७१ मध्ये मिगेल मुर्मिस आणि हुआन कार्लोस पोर्तांतिएरो यांनी या मांडणीलाच आव्हान दिले. १९३० च्या दशकात कारखाने वाढले, पण त्या वाढीतला वाटा कामगारांच्या पदरी पडला नाही आणि जुन्या, अनुभवी संघटनांच्या मागण्या वर्षानुवर्षे तुंबून राहिल्या. पेरॉन यांनी त्यांतल्या बऱ्याच मान्य केल्या, म्हणून संघटनांनी विचारपूर्वक त्यांची साथ दिली, असे त्यांनी दाखवले. १७ ऑक्टोबरच्या गर्दीमागेही नुसती उत्स्फूर्तता नव्हती, कारण मध्यवर्ती कामगार महासंघाने १८ तारखेच्या संपाचा ठराव आधीच केला होता. त्यानंतर संघटनांच्या पुढाऱ्यांनी मजूर पक्ष स्थापन करून पेरॉन यांना उमेदवारी दिली. अपुऱ्या राहिलेल्या वेगवेगळ्या मागण्या एका नावाभोवती जोडल्या गेल्या की ‘आम्ही जनता’ ही ओळख घडते, हा अर्जेंटिनाचेच विचारवंत एर्नेस्टो लाक्लाऊ यांचा पुढचा सिद्धान्त या अनुभवाशी जुळतो, मात्र तो मला अशा नेत्यांच्या बाबतीत अंमळ उदार वाटतो.

त्याचे कारण निवडणुकीनंतरच्या घडामोडींत आहे. निवडणूक जिंकल्यावर काही महिन्यांतच पेरॉन यांनी ज्या मजूर पक्षाच्या बळावर ते निवडून आले होते, तोच विसर्जित करायला लावला. त्याला विरोध करणारे संस्थापक, मांस उद्योगातील कामगारांचे पुढारी सिप्रियानो रेयेस, १९४८ मध्ये कटाच्या आरोपाखाली गजाआड गेले आणि १९५५ मध्ये पेरॉन यांची सत्ता उलथल्यावरच सुटले. तेव्हा पाठीराख्यांच्या शिक्षणाची चौकशी करण्याऐवजी, त्यांच्या स्वतंत्र संघटना नेता सत्तेवर आल्यानंतर टिकल्या की नाही, ही चौकशी मला अधिक फलदायी वाटते.