जास्वंदीवरचा तो: फुलचुखी, शिंजीर की हमिंगबर्ड?

कोथरूडहून विचारणा आली आहे: बागेतल्या जास्वंदीवर येणाऱ्या चिमुकल्या काळ्या-निळ्या पक्ष्याला आई फुलचुखी म्हणते, पक्षीनिरीक्षक मित्र शिंजीर म्हणतो आणि सोसायटीतली मुलं हमिंगबर्ड. बरोबर कोण?

मुलांचं आधी निकालात काढू. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत असतात, पुण्यात नाहीत. शिवाय ते गाणाऱ्या पक्ष्यांच्या गणातले नव्हेत, त्यांचं नातं पाकोळी या पक्ष्याशी.

तुमचा पाहुणा शिंजीर, म्हणजेच सूर्यपक्षी. रंगावरून नर जांभळा शिंजीर दिसतो. सावलीत तो चक्क काळा वाटतो. ऊन पडलं की निळा-जांभळा झळकतो, कारण ती झळाळी पिसांच्या रचनेतून येते. विणीचा हंगाम सरला की हाच नर मादीसारखा पिवळट होतो, फक्त गळ्यापासून पोटापर्यंत एक काळी रेघ उरते. तेव्हा 'काळा गेला, दुसराच आला' असं समजू नका. चोच लांब, बारीक, खाली वळलेली. जास्वंदीच्या फुलात समोरून शिरण्याऐवजी तो बुडाशी भोक पाडून मध पितो. गळून पडलेलं फूल उचलून देठाजवळ बघा, चीर सापडेल.

आता आईचा शब्द. बोलीत फुलचुखी सूर्यपक्ष्यालाही म्हणतात आणि त्याहून लहान, आखूड चोचीच्या, मळकट राखाडी पक्ष्यालाही. या दुसऱ्याला पक्ष्यांच्या याद्यांमध्ये फुलटोच्या म्हणतात. आंब्यावरच्या बांडगुळाची फळं खाऊन चिकट बिया फांद्यांवर पसरवणारा तो हाच. सिंगापूर चेरीचं झाड जवळ असेल तर तिथे हमखास दिसेल. म्हणून घरात खुशाल फुलचुखी म्हणा, नोंदवहीत मात्र शिंजीर लिहा.

एक गंमत व्याकरणाची. फुलचुखी स्त्रीलिंगी, त्यामुळे झगमगणारा नर तारेवर बसून चिवचिव गात असला तरी आपण 'ती गातेय' म्हणतो. साळुंकीचंही तेच. त्यात चूक काही नाही, शब्दाचं लिंग आणि पक्ष्याचं लिंग वेगळं. उलट घरटं विणणारी शिंजिराची मादी असते, तरी म्हणताना 'शिंजिराने घरटं बांधलं'!

शिंजीर म्हटलं की मला संस्कृत 'शिञ्जित', म्हणजे दागिन्यांची रुणझुण, आठवते. ही व्युत्पत्ती नव्हे, माझी हौस.