हत्ती पूर्ण कुणी पाहिला?

प्रश्न : सर, आंधळे आणि हत्तीची गोष्ट ऐकली की मला काही सुचत नाही. एकाच्या हाताला सोंड लागली, एकाच्या पाय, पूर्ण हत्ती कुणालाच नाही कळला. मग मिशनरी लोक आमचंच खरं असं कुठल्या तोंडाने सांगतात? मी चर्चमध्येच वाढलोय, म्हणून जास्त टोचतं.

उत्तर : टोचायलाच पाहिजे, प्रश्न खरा आहे. पण गोष्टीत एक राजा पण आहे बघा, त्याला डोळे आहेत, हत्ती अख्खा दिसतोय, म्हणून तर बाकीचे चुकले हे तो सांगू शकतो. लेस्ली न्यूबिगिन, तमिळनाडूत बरीच वर्षं राहिलेले ब्रिटिश मिशनरी, यांनी 1989 च्या पुस्तकात नेमकं हेच पकडलं, की 'पूर्ण सत्य कुणालाच कळत नाही' म्हणणारा नकळत राजाच्या जागी जाऊन बसतो. अर्थात एवढ्याने मिशनरी बरोबर ठरत नाही हं, तोही आंधळ्यांतलाच एक.

मग कळतं कसं? मायकेल पोलानी मूळचे केमिस्ट, नंतर तत्त्वज्ञानाकडे वळले, त्यांचं काठीचं उदाहरण मला फार पटतं. डोळे मिटून हातात काठी घ्या, आधी फक्त तळहाताला धक्के जाणवतात, मग सवय झाली की हात विसरायला होतो आणि काठीच्या टोकाला दगड आहे का पायरी ते कळायला लागतं. श्रद्धा पण अशीच, तिच्यावर भार टाकल्याशिवाय पुढचं काही कळत नाही, आणि भार टाकला म्हणजे चुकायची रिस्क आलीच. सायन्सवाले पण असंच चालतात, हे पोलानींचं म्हणणं.

न्यूबिगिन कांचीपुरमला असताना दर आठवड्याला एक संध्याकाळ रामकृष्ण मिशनच्या मठात जमिनीवर मांडी घालून बसायचे, उपनिषद आणि बायबलमधलं योहानाचं शुभवर्तमान आलटून पालटून वाचायचे. तिथल्या हॉलमध्ये थोर धर्मपुरुषांच्या चित्रांत येशूचंही चित्र होतं, नाताळला त्याची पूजा व्हायची. तेव्हा त्यांना वाटलं की यांनी येशूला आपल्या चौकटीत बसवलंय, आणि पुढे खूप उशिरा लक्षात आलं की आपण पाश्चात्त्य ख्रिस्ती लोकांनीही त्याला आपल्या चौकटीत तसंच बसवलं होतं! हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं, याचं मला फार मोल वाटतं.

म्हणून 'साक्ष' हा आपल्या चर्चमधला रोजचा शब्द नीट ऐका. साक्षीदार निकाल देत नाही, सगळं पाहिलं असंही म्हणत नाही, जे पाहिलं ते ठाम सांगतो आणि मग उलटतपासणीला उभा राहतो.