यजमानांचे हात स्टीअरिंगवर का नाहीत?

प्रश्न : यंदा पाडव्याला आम्ही एडासवाली, म्हणजे चालकाला मदत करणारी यंत्रणा असलेली, गाडी घेतली. एक्स्प्रेस वेवर ती पुढच्या गाडीपासून अंतर राखते, लेनच्या मधोमध राहते. आमचे हे तीस वर्षं गाडी चालवताहेत, पण आता हात मांडीवर ठेवून बसतात, पाहुण्यांना कौतुकाने दाखवतात, मधूनच व्हॉट्सअ‍ॅप बघतात. काही बोललं की उत्तर ठरलेलं : 'गाडी चालतेय, मी लक्ष ठेवतोय. मशीनला डुलकी लागत नाही.' त्यांचं बरोबर आहे का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, मशीनला डुलकी लागत नाही हे यजमानांचं अगदी खरं. म्हणूनच राखणीचं काम मशीनला द्यायचं आणि चालवायचं आपण. तुमच्याकडे ते उलटं झालंय.

काहीच घडत नसताना नुसतं बघत बसणं माणसाला जमत नाही. दुसऱ्या महायुद्धात विमानातल्या रडारवर पाणबुड्या शोधणाऱ्यांच्या नजरेतून ठिपके निसटू लागले, तेव्हा नॉर्मन मॅकवर्थ या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने त्यावर प्रयोग केले. घड्याळासारख्या तबकडीवर काटा टकटक पुढे सरकतो, क्वचित एकदम दुप्पट उडी मारतो. ती दिसली की बटण दाबायचं. १९४८मध्ये छापलेला त्याचा निष्कर्ष असा, की पहिल्या अर्ध्या तासातच उड्या नजरेतून सुटू लागतात. बसलेली माणसं तरुण, धडधाकट होती. यजमानांची तीस वर्षं गाडी चालवण्याची आहेत, तबकडीकडे बघण्याची नाहीत.

मी गाड्यांच्या चाचण्यांमध्ये आयुष्य काढलं. ट्रॅकवर खड्ड्यांतून गाडी आदळत नेणारे ड्रायव्हर घामाघूम व्हायचे, पण जागे असायचे. नुसते मीटर बघत बसणाऱ्यांना मात्र आम्ही सारखं बदलत असू.

पगार घेऊन लक्ष ठेवणाऱ्यांचंही काय होतं, ते अमेरिकेत दिसलं. १८ मार्च २०१८च्या रात्री ॲरिझोनातल्या टेम्पी शहरात उबरची चाचणीवरची स्वयंचलित गाडी सायकल हातात धरून रस्ता ओलांडणाऱ्या एका महिलेवर आदळली आणि ती दगावली. गाडीला ती धडकेच्या ५.६ सेकंद आधी दिसली होती. पण हे वाहन आहे, सायकल आहे की आणखी काही, याचा निर्णय सारखा बदलत राहिला. देखरेखीला बसवलेल्या चालक बाईंची नजर मोबाइलवर होती. त्याआधी काही महिने अशा गाड्यांत दोन माणसं बसत, मग कंपनीने एक कमी केला. चौकशी करणाऱ्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने एकट्या चालकावर खापर फोडलं नाही. यंत्रावर विसंबून माणूस गाफील होणार हे माहीत असून त्यावर काही उपाय केला नाही, असा ठपका कंपनीवरही ठेवला. मला हे महत्त्वाचं वाटतं. यजमान बेजबाबदार आहेत असं मी म्हणत नाही. ते माणूस आहेत एवढंच.

आता आपले रस्ते. पुष्कळशा एडासना पुढे चालणारी गाडी छान कळते, पण वेगात असताना उभं वाहन ओळखण्यात त्या चुकू शकतात. गाडीच्या मॅन्युअलमध्ये हे लिहिलेलं असतं, वाचत कोणी नाही. बंद पडलेला ट्रक, मागे दोन दगड आणि झाडाची फांदी, दिवा नाही, हे दृश्य आपल्याला नवं नाही. ताशी १०० किमीला गाडी सेकंदाला सुमारे २८ मीटर जाते. व्हॉट्सअ‍ॅपवरचा एक सुप्रभात वाचायला पाच सेकंद धरा : १४० मीटर.

स्टीअरिंग 'हात ठेवा' म्हणून इशारा देतं, त्यावरही विसंबू नका. बऱ्याच गाड्यांत ते फक्त चाकाला लागणारा हलकासा जोर ओळखतं, नजर कुठे आहे ते त्याला कळत नाही. अमेरिकेत त्याला फसवणारं वजन चक्क विकायला आलं होतं. २०१८मध्ये सरकारने ती विक्री थांबवायला लावली.

तर करायचं काय? आपोआप लागणारा ब्रेक कायम चालू ठेवा. तिथे माणूस चालवतो आणि मशीन राखण करतं. अंतर राखणारा क्रूझ मोकळ्या रस्त्यावर ठीक, एक पाय ब्रेकजवळ ठेवून. लेनच्या मधोमध ठेवणारी सोय मात्र मी बंदच करीन. हात मोकळे झाले की मोबाइल त्यांच्याकडे आपोआप येतो. खंडाळ्याच्या घाटात तर तिचं नावच नको.

भांडण न करता तपासायचं असेल तर प्रवासात सहज विचारा, 'मागे कुठली गाडी आहे हो?' गाडी चालवणारा माणूस आरशात न बघता सांगतो. यजमानांना आधी बघावं लागलं, तर ते प्रवासी झालेत.

प्रश्न : माझा मुलगा जर्मनीत स्टुटगार्टला असतो. तिकडे गाडीत पुस्तक वाचलं तरी चालतं म्हणतो. थाप आहे का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : थाप नाही, पण अर्धी गोष्ट आहे. मर्सिडीजच्या लेव्हल ३ प्रणालीला, म्हणजे ठरावीक परिस्थितीत गाडी स्वतःच चालवणाऱ्या यंत्रणेला, तिथे डिसेंबर २०२१मध्ये मान्यता मिळाली, ती तेव्हा ताशी ६० किमीपर्यंत आणि ठरावीक महामार्गांवर होती, म्हणजे मुख्यतः कोंडीत. अशी प्रणाली चालू असताना नजर हटवायला मुभा असते. गाडीने हाक मारली की मात्र ताबा घ्यावाच लागतो. संयुक्त राष्ट्रांच्या नियमानुसार त्यासाठी किमान १० सेकंद मिळतात. पुस्तक मिटायला तेवढी पुरतात, कथानकातून बाहेर यायला पुरतात की नाही ते वाचकावर आहे. आणि हे लेव्हल ३चं झालं. लेकाची गाडी लेव्हल २ असेल, म्हणजे ती नुसती मदत करते आणि लक्ष माणसानेच ठेवायचं अशी, तर हे सगळं तिला लागू नाही. कुठली आहे ते आधी विचारून घ्या.