आर्गॉन परवडतो, मग झेनॉन का नाही?

प्रश्न : नमस्कार सर, शिरोली एमआयडीसीत माझं फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे. एसएसच्या (स्टेनलेस स्टीलच्या) टिग वेल्डिंगला आर्गॉन गॅसचा सिलेंडर लागतोच, तो परवडतोय. पोरगा म्हणतो झेनॉन पण हवेतूनच काढतात आणि त्याचा भाव ऐकून चक्कर येईल. दोन्ही हवेतलेच, हवा फुकट, मग एवढा फरक कसा काय? आमच्या गॅसवाल्याला सांगितलं तर काढून देईल का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : नाही देणार, तुम्ही कितीही जुनं गिऱ्हाईक असलात तरी. घोळ सगळा प्रमाणाचा आहे. गच्चीवरची हजार लिटरची टाकी रिकामी आहे असं धरा, म्हणजे आत नुसती हवा. त्यात आर्गॉन नऊ लिटरच्या वर, अर्धी बादली. हवेतलाच आणखी एक गॅस क्रिप्टॉन, तो जेमतेम एक मिलिलिटर. आणि झेनॉन? पाण्याचे दोन थेंब जेवढी जागा घेतात तेवढा, तोही पुरता नाही. एक किलो झेनॉन पाहिजे असेल तर साधारण २,५०० टन हवा चाळायला लागते, आणि ते पण काहीच वाया गेलं नाही तर, जे होत नाही.

त्यामुळे नुसत्या झेनॉनसाठी कुणी प्लांट टाकत नाही. प्लांट असतात ऑक्सिजनसाठी, मोठे बहुतेक स्टीलवाल्यांचे (२०२१ ला कोविडमध्ये विशाखापट्टणमच्या स्टील प्लांटमधून रेल्वेने टँकर आले होते, आठवत असेल). हवा दाबायची, थंड करून द्रव करायची आणि उंच कॉलममध्ये एकेक गॅस वेगळा करायचा. नायट्रोजन उणे १९६ अंशाला उकळतो, आर्गॉन उणे १८६ ला, ऑक्सिजन उणे १८३ ला. क्रिप्टॉन उणे १५३ आणि झेनॉन उणे १०८, म्हणजे हे दोघं आळशी, बाकीचे उडून गेले तरी खाली द्रव ऑक्सिजनमध्ये बसून राहतात. मग तो तळातला ऑक्सिजन थोडा थोडा काढून बासुंदीसारखा आटवत न्यायचा, फक्त या बासुंदीत हवेतले मिथेनसारखे हायड्रोकार्बन पण साचत जातात आणि द्रव ऑक्सिजन अधिक हायड्रोकार्बन म्हणजे सरळ स्फोटाची तयारी, म्हणून ते वेळीच कॅटॅलिस्टवर (उत्प्रेरकावर) जाळून टाकायला लागतात.

एवढं करून हातात काय? रोज १,००० टन ऑक्सिजन काढणारा प्लांट घ्या, त्याच्या दिवसभराच्या हवेत झेनॉन असतो पावणेदोन किलोच्या आसपास, बस्स. छोट्या प्लांटला याच्यासाठी वेगळा कॉलम बसवणं परवडतच नाही, आणि मोठेसुद्धा बरेचदा नुसता कच्चा माल काढतात, शुद्ध करायला दुसरीकडे पाठवतात.

वर भाव उड्या मारतो त्याचं कारण वेगळंच. झेनॉन महागला म्हणून कुणी जास्त स्टील ओतत नाही, त्यामुळे माल तेवढाच आणि घेणारे वाढलेले. चिपचे कारखाने, उपग्रहांची आयन इंजिनं (गॅसचे विद्युतभारित कण मागे फेकून पुढे ढकलणारी), शिवाय इटलीत ग्रान सासो डोंगराखाली डार्क मॅटर (विश्वातला न दिसणारा पदार्थ) शोधणारा एक प्रयोग आहे, त्यातच आठ टनांच्या वर झेनॉन भरलाय. उपग्रहांवरून इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंकवाल्यांनी म्हणूनच इंजिनांसाठी २०१९ ला झेनॉनऐवजी क्रिप्टॉन घेतला आणि २०२३ पासून नव्या उपग्रहांत चक्क आर्गॉन. हो, तुमच्या टिगच्या टॉर्चमधून येतो तोच.

प्रश्न : युक्रेन युद्धामुळे निऑन महागला असं वाचलं. आमच्या दुकानाची निऑनची पाटी करायचीय, थांबू का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : थांबू नका. ती ओरड चिपवाल्यांची होती. चिपवर नक्षी काढणाऱ्या एक्सायमर लेझरमध्ये जो गॅस भरतात त्यात ९५ टक्क्यांच्या वर निऑनच असतो. सोव्हिएत काळातल्या अवाढव्य स्टील कारखान्यांना निऑन काढायची सोय होती, आणि तो कच्चा निऑन शुद्ध व्हायचा मारियुपोल आणि ओडेसाला, म्हणजे नेमका युद्धाच्या तोंडावर. २०२२ ला दोन्हीकडचं काम थांबलं आणि चिपला लागणाऱ्या निऑनचा जगातला साधारण निम्मा पुरवठा गेला. २०१४ ला रशियाने क्रिमिया घेतला त्या वेळीपण भाव असाच कित्येक पट चढला होता, तेव्हापासून लेझरवाले कमी गॅसवर भागवायला, वापरलेला परत शुद्ध करायला शिकलेत, कोरियाच्या पोस्को कंपनीने स्वतःच्या स्टील प्लांटमध्ये निऑन काढायला घेतला, आणि २०२३ मध्ये भाव उतरले पण.

पाटीचं म्हणाल तर काचेच्या नळीत लालकेशरी पेटतो तेवढाच खरा निऑन. हल्ली दुकानदार निऑन म्हणून जे देतात ती बहुतेक एलईडीची पट्टी असते, त्यात निऑन औषधालाही नसतो.